गाण्यातले नाना

शेजारच्या सुमनकाकू, सत्तरी ओलांडलेल्या, रोज दुपारी मोबाइलवर रॉक बँडचं गाणं लावतात. तेही पूर्ण आवाजात! बँड आमच्याच सोसायटीतल्या पोरांचा. गच्चीवर व्हिडिओ करताना पोरांनी पापडांचं वाळवण हलवायला सांगितलं, तर काकूंचे यजमान, आमचे नाना, काठी घेऊन कावळे हाकत तिथेच बसून राहिले. शेवटी त्यांच्यासकट गाणं झालं. गाणं तुफान गाजलं. मग नाना गेले.

"काकू, एवढा आरडाओरडा सोसतो?" मी खोडी काढली.

"गप रे मेल्या, हे येतील आता!"

मी वाकून पाहिलं. गिटार किंचाळली, गायकाचे केस उडाले, आणि मागे खोट्या धुरातून नाना उमटले. स्लो मोशनमध्ये काठी हवेत संथपणे तरंगत वर गेली. जन्मभर घाईघाईत जेवून उठलेला हा माणूस इथे केवढ्या सवडीने मान वळवत होता! गेलेली माणसं अशीच कुठेतरी आपल्या धावपळीमागे निवांत बसून राहत असतील का?

नानांचा चेहरा समोर येणार, तोच दृश्य बदललं. काकूंनी बोटाने गाणं मागे नेलं.

"थांब," त्या म्हणाल्या, "या वेळी बघतील इकडे."