एसीच्या झोतात हीटर

मित्रहो, आमच्या ऑफिसच्या दारावर 'हरित इमारत' अशी पितळी पाटी आहे. आज दुपारी, गोंदियाच्या ऐन मे महिन्यात, त्याच ऑफिसात जळका वास सुटला.

शालूताई एसीच्या झोतात बसतात. आम्ही खिडकीकडचे लोक एसी अठरावर ठेवतो, म्हणून त्या टेबलाखाली हीटर लावतात. आज त्याचा एक्स्टेन्शन बोर्ड वितळला. बाजूलाच फायलींचे गठ्ठे होते.

बोर्ड बघायला आलेले वायरमन भाऊ भडकले, "एसी लावून हीटर कायले लावून राहिले जी? एखाद दिवशी सारेच जळून मराल!"



ते जाताच शालूताईंनी हीटर माझ्या टेबलाजवळच्या प्लगला लावला. झळ माझ्या पायाला लागली, तसा मी रिमोट घेतला आणि एसी सोळावर केला.