बसच्या तिकिटाने गाडी तपासणारे मिस्त्री

इंजिन चालू ठेवायचं, तेल घालायचं झाकण उघडायचं, शर्टाच्या खिशातून बसचं जुनं तिकीट काढायचं आणि त्या तोंडावर अलगद ठेवायचं. तिकीट आत ओढलं जाऊन चिकटलं तर गाडी घ्यायची. उडालं तर गाडीवाल्याला नमस्कार. इचोड्यात जुनी गाडी घेणारा जो तो आमच्या मिस्त्रींना सोबत न्यायचा. विकणारा आपल्या गाडीचं कौतुक सुरू करू लागला की ते हात वर करत. "तुमी नोका बोलू. गाडीले बोलू द्या."

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याचं नाव कुणी विचारत नाही, पण शब्द चालतो.

मी शाळामास्तर. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. एकदा सहज विचारलं, तर मिस्त्रींनी माझाच वर्ग घेतला. "सार, पिस्टनच्या बाजूनं थोडा जळका वायू खाली तेलाकडं उतरतेच. नव्या गाडीतबी. तो तिथंच कोंडला त तेलाले बाहेर ढकलते. म्हणून एक नळी राह्यते. वायू उचलून वर नेते, पेट्रोलासंगं जाळून टाकते. इंजिन झिजलं त वायू लय होते, नळीले आवरत नाय, मंग तिकीट उडते. समजलं काय?"

मी समजल्यासारखी मान हलवली. "नाय समजलं," मिस्त्री म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

त्या वर्षी मला व्हॅन घ्यायची होती. भीमपूरच्या एका बाईंकडे होती. त्यांचे यजमान त्या व्हॅनमधून भाजी आदिलाबादच्या बाजारात न्यायचे. ते वारले आणि गाडी वर्षभर अंगणात उभी राहिली. आम्ही गेलो तेव्हा बाईंनी ती धुऊनपुसून ठेवली होती. मिस्त्रींनी सोबत आणलेली बॅटरी जोडून इंजिन चालू केलं, तिकीट ठेवलं. ते भुर्रकन उडालं.

"इंजिन पार झिजलं, वहिनी. आता भंगारवालाच नेईन," मिस्त्री म्हणाले. अंगणात चार शेजारी उभे होते. बाई हातातल्या फडक्याची घडी घालत राहिल्या.

मी काय केलं म्हणाल, तर शाळेत चहा पिता पिता सगळ्यांना ही बातमी सांगितली. पुढे त्या गाडीला एकही गिऱ्हाईक गेलं नाही.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका गाडीवर ठेवलेलं तिकीट तसंच उडालं. पण ती गाडी तर घाट मजेत चढत होती. मिस्त्री विचारात पडले. त्या नळीच्या टोकाला अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह असतो. तो काढून त्यांनी कानाशी हलवला. आत खुळखुळ वाजायला हवं होतं, वाजलं नाही. तेलाच्या काळ्या चिकट्याने तो जाम झाला होता. पेट्रोलमध्ये धुऊन बसवला आणि तिकीट चिकटलं. इंजिन ठणठणीत होतं, वायूची वाट तेवढी बंद होती.

मला वाटलं, आता खूश होतील. ते व्हॉल्व्ह हातात धरून स्टुलावर बसले. "सार, भीमपूरच्या गाडीचा व्हॉल्व्ह मी पाह्यलाच नाय."

"मग फोन करून सांगा ना."

"चूक तिच्या अंगणात केली, चार माणसायच्या समोर. फोनवर कशी निस्तरन?"

रविवारी आम्ही स्कूटरवर निघालो. पुढे मिस्त्री, मागे मी, माझ्या मांडीवर गाडीची बॅटरी. पोचलो तेव्हा भंगारवाला व्हॅनला दोर बांधत होता आणि शेजारी बघत उभे होते. मिस्त्रींनी त्याला घडीभर थांबवलं. व्हॉल्व्ह काढला, हलवला. मुका. धुतला, बसवला, बॅटरी जोडून इंजिन चालू केलं. तिकीट चिकटलं.

मिस्त्रींनी सगळ्यांसमोर हात जोडले. "वहिनी, मी चुकलो. इंजिनाले काई नाय झालं."

मी त्या वेळी कडुनिंबाकडे बघत होतो. गाडी बाद झाल्याची बोंब गावभर कुणी मारली, हे तिथे फक्त मलाच माहीत आहे, अशी माझी समजूत होती.

"गाडी बाजाराले जाईन काय?" बाईंनी विचारलं.

"रोज जाईन."

"मंग इकत नाय."

"चालवन कोन?" एक शेजारी हसला.

"मी."

बाईंना गाडी मिस्त्रींनीच शिकवली. पहिले तीन रविवार ते शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसत. चौथ्या रविवारी डोळे उघडले, असं तेच सांगायचे.

या उन्हाळ्यात मिस्त्री झोपेतच गेले. आठवड्याने त्यांच्या बंद दुकानासमोर व्हॅन थांबली. मागे वांगी, कोथिंबीर, कैऱ्या. मी समोर चहा पीत होतो.

"सार, मिस्त्री नाय आले आज?"

मी सांगितलं. बाईंनी दुकानाच्या कुलपाला हात लावला. मग म्हणाल्या, "माह्या दारात येऊन 'मी चुकलो' म्हननारा तो एकच मानूस."

मी चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, तुमची गाडी बाद झाली असं सगळीकडे मीच सांगितलं होतं. मीही चुकलो."

"माहीत हाय, सार," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मिस्त्री म्हनत, सार एक दिवस आपल्या तोंडानं सांगतीन."