वाफ धरेपर्यंतचा वर्ग

आमच्या गिरणीत बॉयलरला वाफ धरेपर्यंत कामगारांना काहीतरी शिकवण्याची जी पद्धत होती, ती बॉयलरवरच्या माणसाने सुरू केली, असे आज गोंदियात जो तो सांगतो. ते खरे नाही. ती मी सुरू केली. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी बोललो आहे की घरातल्यांना त्याचा कंटाळा आला आहे. म्हणून आता लिहून ठेवतो. लिहिणाऱ्याला मध्येच थांबवून कोणी "चहा घ्या" म्हणत नाही.

शहराबाहेरच्या एका राईस मिलमध्ये मी हेडमिस्त्री होतो. आमच्याकडे उसना तांदूळ निघत असे; म्हणजे धान आधी भिजवायचे, वाफवायचे, वाळवायचे आणि त्यानंतर भरडायचे. सकाळी भट्टीत भुसा टाकला तरी बॉयलरला वाफ धरायला बराच वेळ लागे आणि तेवढा वेळ सगळी गिरणी रिकामी असे. पट्टे थांबलेले, हमाल पोत्यांवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत असलेले, बाया भिंतीला टेकून डोळे मिटलेल्या. गिरणी एकदा सुरू झाली की कानात ओरडलेलेही ऐकू जात नाही. माणसाने माणसाशी बोलावे असा दिवसभरात तेवढाच एक वेळ होता, आणि तो वाया जातो आहे हे प्रथम माझ्या लक्षात आले.

निमित्त असे घडले. गिरणीत नवा ड्रायर बसला त्या हंगामात मोठ्या सेठजींना एक ट्रक संध्याकाळच्या आत भरून हवा होता. ड्रायरमधले धान गरम होते. मी त्यांना म्हणालो, याला रात्रभर विसावा द्यावा लागेल, नाहीतर दाणा तुटेल. सेठजी हसले. "धान सोता है क्या, मिस्त्रीजी?" मी पुन्हा सांगितले, त्यांनी पुन्हा हुकूम दिला. गिरणी त्यांची होती. मी धान भरडायला सोडले. बाहेर आली ती कनकी, नुसता तुकडा. अख्खा दाणा शोधावा लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वाफ धरायची होती तेव्हा, मी सगळ्यांना ड्रायरपाशी बोलावले. एका तळव्यावर आदल्या दिवशीची कनकी घेतली, दुसऱ्यावर नीट निघालेला तांदूळ, आणि दाणा का तुटतो ते सांगितले. तो पहिला वर्ग. मुनीमजी पुढे लोकांना सांगत की ही कल्पना सेठजींची होती. सेठजी त्या सकाळी लज्जेने गिरणीकडे फिरकलेही नव्हते, यावरून मुनीमजींच्या स्मरणशक्तीचा अंदाज यावा.

आणि बॉयलरवरचा माणूस? तो भट्टीत भुसा टाकत होता. माझे बोलून झाल्यावर हात पुसत बाहेर आला आणि त्याने विचारले, "काऊन जमा झाले जी सारे?"

आम्ही दोघे एकाच हंगामात गिरणीत लागलो. तो त्याच्या गावच्या दंडारीत, म्हणजे लोकनाट्यात, विदूषक होत असे. थंडीच्या दिवसांत उघड्यावर बसलेल्या आख्ख्या गावाला खिळवून कसे ठेवायचे, हे त्याला बॉयलरच्या आधी येत होते. माझा वर्ग काही दिवस चालल्यावर तोही एका सकाळी उभा राहिला. बॉयलरच्या पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी खाली गेले तर काय करायचे, हे त्याने सांगितले. सांगितले म्हणजे काय, करून दाखवले. पाणी उतरले की बॉयलर कसा सासऱ्यासारखा गुरगुरतो, याची त्याने नक्कल केली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. नंतर त्यांतली एक म्हणाली, "मामा, आणखी सांगा ना जी."

त्याला सगळे मामा म्हणत, मला मिस्त्रीजी. इतकी वर्षे मी त्या लोकांमध्ये वावरलो, त्यांच्या लग्नकार्यांना गेलो, पण मला चुकूनही कोणी काका म्हटले नाही. माझ्या वर्गात सगळे ताठ बसत आणि शेवटी "हो मिस्त्रीजी" म्हणून उठत. प्रश्न कोणी विचारत नसे. त्याच्या वर्गात प्रश्नांना अंत नसे. वाफ धरून शिटी झाली तरी लोक उठत नसत आणि मला ओरडून उठवावे लागे. म्हणजे त्याचा वर्ग मोडण्याचे कामही माझ्याकडेच होते.

याला मत्सर म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मी तो शब्द टाळत नाही. ज्याला स्वतःचे म्हणावे असे काही असते, त्यालाच मत्सर होतो. आमचे घराणे तलाव बांधणाऱ्यांचे. ज्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आमच्या पूर्वजांनी माती टाकली तो तलाव आज पाळीवरच्या चिंचेच्या नावाने ओळखला जातो. वडील म्हणत, धान पिकते आहे ना, मग नाव कशाला हवे? मला ते कधीही पटले नाही. चिंचेने एक टोपलीही उचलली नव्हती.

आम्ही दोघेही निवृत्त झालो. मोठे सेठजी गेले. त्यांच्या सुनेने शहरापासून थोडे दूर नवे युनिट उभारले. सगळी यंत्रे आपोआप चालणारी. वाफेसाठी कोणी ताटकळत नाही. तरीही बहूजींनी दर सोमवारी सकाळच्या पाळीच्या आरंभी थोडा वेळ काम थांबवून कामगारांनी एकमेकांना शिकवावे अशी व्यवस्था केली. हे मला माझ्या पत्नीच्या फोनवर कळले. कोणीतरी तिला चित्रफीत पाठवली होती. त्यात तो खुर्चीवर बसला होता, समोर कामगार होते आणि मागच्या फलकावर लिहिले होते: 'मामा की पाठशाला'. आणि तो ड्रायरची गोष्ट सांगत होता. माझी गोष्ट. तिच्यात मी होतो, पण भलत्याच जागी.

मी पत्नीला म्हणालो, "हे पहिल्यांदा मी सांगितलं होतं."

"तुमीच सांगितलं असन," ती भाजी निवडत म्हणाली. "पन लोकाईनं त्याईच्या तोंडून आयकलं."

"आधी माझ्याच तोंडून ऐकलं होतं."

"मंग काऊन कोनाच्या ध्यानात नाही?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते असे नाही. ते तिच्याजवळ देण्यात अर्थ नव्हता. जिथे खोटे सांगितले गेले तिथेच, त्याच लोकांसमोर, खरे सांगितले गेले पाहिजे. पुढच्या सोमवारी मी इस्त्रीचा सदरा घालून नव्या युनिटवर गेलो.

बहूजींनी वाकून नमस्कार केला. "अरे, मिस्त्रीजी, आइए. आप तो आते ही नहीं."

बोलावल्याशिवाय येण्याची मला सवय नाही, हे मी मनात म्हटले. तो मला पाहून उठून उभा राहिला. केस पांढरे झाले होते, डोळे तेच.

"खुर्ची द्या रे मिस्त्रीजीले. समोर द्या. आता याईच्यासमोर खोटं बोलाची सोय नाही राह्यली."

कामगार हसले. मी बसलो. त्याने गोष्ट सुरू केली.

"तर एक डाव असं झालं. एक मिस्त्री होता. नाव नाही सांगत, तो खुर्चीवर बसून हाये." पुन्हा हशा. "त्यानं ड्रायरमधला गरम धान सीधा भरडाले टाकला. तांदूळ निंगाला का? नाही. निंगाली कनकी. मी भट्टीपासून वरडलो, अरे बाप्पा, त्याले दम त खाऊ दे. आन् दुसऱ्या दिवशी वाफ धरेपरेंत सारे बसले होते, त मी मनलं, चला, आज तुमाले कनकी काऊन होते ते सांगतो."

मी उठलो. "भट्टीपाशी उभा राहून तुले ड्रायर दिसत होता? मधात भित होती."

"होती न जी," तो शांतपणे म्हणाला. "पन भितीले खिडकी होती."

"खिडकी मागाहून फोडली. मीच फोडाले लावली."

"मंग मी मागाहून पायलं असन."

लोक इतके हसले की बहूजींनाही रुमाल तोंडाला लावावा लागला. मी बसलो नाही. धान सेठजींच्या हुकमावरून सुटले, मी दोनदा अडवले होते आणि दुसऱ्या सकाळी दोन तळव्यांवर दोन प्रकारचा तांदूळ घेऊन मी उभा होतो, हे सगळे मी क्रमाने सांगितले. कोणी हसले नाही. सगळे ताठ बसले. मला ती जुनी शांतता ओळखू आली, आणि आता "हो मिस्त्रीजी" म्हणून सगळे उठतील, हेही कळले.

तेवढ्यात पोती भरण्याच्या यंत्रावरची एक बाई बोलली. चाळिशीची असावी, आवाज खणखणीत. "गोष्ट कोनाची बी असू द्या जी. आमाले एक सांगा. इतं बी सकाळच्या पाळीतच कनकी जास्त काऊन निंगते? ड्रायरची मशीन त चवदाच दाखवते."

चौदा म्हणजे दाण्यातला ओलावा. तेवढा उरला की धान भरडायला योग्य समजतात. तिने प्रश्न आम्हा दोघांकडे पाहून विचारला होता. तो माझ्याकडे बघू लागला. भट्टी, पाणी, वाफ यांच्या पलीकडचे त्याला ठाऊक नव्हते, नसतेच.

मी ड्रायरवरच्या माणसाला विचारले, "रात्री धान मधात थांबवून ठेवता का?"

"कुठं ठेवाचा जी? सीजनमध्ये साऱ्या टाक्या भरून रायतेत. चवदा दिसलं का सोडून देतो."

मग मी सांगितले. यंत्र दाखवते ती सरासरी. एका दमात वाळवलेला दाणा बाहेरून कोरडा होतो आणि आत ओला राहतो. अर्धे वाळल्यावर त्याला काही तास पडू द्यायचे; आतला ओलावा सावकाश बाहेर येतो. मग उरलेले वाळवायचे. हा विसावा चुकला की दाण्याला आतून चीर जाते आणि भरडताना तो तुटतो. दिवसा टाक्या रिकाम्या होत असतात म्हणून धान आपोआप थांबते. रात्री ते थांबत नाही, आणि रात्रीचे धान सकाळी भरडले जाते. यंत्र नवे असेल, दाणा जुनाच आहे.

बहूजी ऐकत होत्या. "मतलब एक टंकी खाली रखनी पड़ेगी."

"रखनी पड़ेगी," मी म्हणालो.

तेव्हा तो खुर्चीतून म्हणाला, "म्हनजे कसं, धानाले बी दम खाऊ द्या. मानसाले नाही देत त नाही, त्याले त द्या."

बहूजींसकट सगळे हसले. शिटी झाली. जाताना दोन हमाल ते वाक्य एकमेकांना म्हणत होते.

पुढच्या सोमवारी गेलो तेव्हा एक टाकी विसाव्यासाठी रिकामी ठेवलेली होती आणि सकाळची कनकी कमी झाली होती. ड्रायरच्या भिंतीवर लाल रंगात, दुरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहिले होते: 'धानाले दम खाऊ द्या'. खाली लहान अक्षरांत: मामा. दाणा तुटण्याचे कारण मी सांगितले होते. शब्दही मूळचा माझाच. मी सेठजींजवळ 'विसावा' म्हटले होते, त्याने 'दम' म्हटले, आणि भिंतीवर दम चढला. मी बहूजींकडे गेलो आणि हे स्पष्ट शब्दांत सांगितले.

त्या म्हणाल्या, "मिस्त्रीजी, आपका भी नाम लिखवा देती हूँ. दोनों का."

मी नको म्हटले. दुसऱ्याच्या नावाखाली चिकटवलेले नाव मला चालत नाही. मला भिंत नको होती. ज्यांच्यासमोर गोष्ट चुकीची सांगितली गेली, त्यांच्यासमोर ती सांगणाऱ्याने स्वतः दुरुस्त करावी, एवढेच मला हवे होते, आणि तसे मी त्यालाही बाहेर गाठून सांगितले.

तो खर्ऱ्याची पुडी उघडत होता. "मी का खोटं सांगून राह्यलो? मले असंच आठवते जी."

"तुले चुकीचं आठवते."

"असन," तो म्हणाला. "पन तुमी सांगता तवा लोकं झोपतेत, मिस्त्रीजी. मी सांगतो तवा धान वाचते. आता बोला."

मी तिथून निघून आलो. त्या रागात मी एक सोमवार चुकवला. घरी बसून तो आता कोणती गोष्ट सांगत असेल याचा विचार करण्यात ती सकाळ गेली. त्यापेक्षा समोर बसणे बरे, म्हणून नंतरच्या सोमवारी पुन्हा गेलो. खुर्ची समोरच ठेवलेली होती. ती त्याने ठेवायला लावली होती, की दर वेळी ठेवतच होते, हे मी विचारले नाही.

नवी माणसे कामावर लागली होती, म्हणून ड्रायरची गोष्ट पुन्हा निघाली. "तर एक डाव असं झालं," त्याने सुरुवात केली. मी त्याच्याकडे पाहिले. तो थांबला. डोक्यावरून हात फिरवला.

"हे मिस्त्रीजी सांगतीन," तो म्हणाला. "त्याईचीच गोष्ट हाये. मी त भट्टीपाशी होतो."

हे सर्वांसमोर म्हटले गेले. ते ऐकणारे पुरेसे लोक तिथे होते आणि यापुढे कोणी नाकारू शकणार नाही. मी उभा राहिलो आणि सेठजींच्या ट्रकपासून सुरुवात केली. तो जेवढ्या वेळात ती गोष्ट संपवी, तेवढ्या वेळात मी ड्रायर कसा बसवला तिथपर्यंतच पोहोचलो. हमालांपैकी एकाने जांभई दिली. मी कनकीपर्यंत आलो आणि शिटी झाली. सगळे उठले, "हो मिस्त्रीजी" म्हणाले आणि कामाला गेले. तोही उठून गेला. जाताना हसला नाही, हे मी त्याच्या बाजूने नमूद करतो.

पोती भरणारी ती बाई तेवढी बसून होती.

"मंग पुढं काय झालं जी?" तिने विचारले.

हंगामामागून हंगाम मी वर्ग घेतले, त्यांत हे मला कोणी विचारले नव्हते.

"मामा सांगतेत तसंच झालं का?" ती पुढे म्हणाली.

"नाही," मी म्हणालो आणि खुर्ची तिच्याकडे ओढून घेऊन पुन्हा ट्रकपासून सुरुवात केली.