वहीतले शेरे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. बहिणीला तर नाहीच—तिच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की आता ऐंशी उलटल्यावर लपवायचाही कंटाळा आलाय?

वाचनालयात माझी पस्तीस वर्षं गेली. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांना काय वाचायला द्यावं, हे मला बरोबर कळतं असं लोक म्हणत. आया यायच्या आणि म्हणायच्या, “कुमुदताई, हा पुस्तकाला हात लावत नाही हो.” मी मुलाकडे बघायची, कपाटाशी जायची आणि एखादी कादंबरी काढून द्यायची. पऱ्यांची नाही, राजपुत्राची नाही, उपदेशाची तर नाहीच. ज्यात साधी माणसं साध्या घरांत राहतात, आपसांत भांडतात आणि आपल्याला खूप हसवतात, अशी. आठ दिवसांत मुलगा दुसरं पुस्तक मागायला हजर! तुम्हाला हे कसं जमतं, असं लोक विचारत. मी नुसती हसायची. त्या हसण्याबद्दलच बोलायचंय मला.

आम्ही परळला राहायचो. वडील मिलच्या ऑफिसात कारकून. मी आठवीत दादरच्या हायस्कूलला जाऊ लागले आणि तिथल्याच एका वाचनालयाची सभासद झाले. छपन्न साल असावं. बालविभाग म्हणजे एकच कपाट, आणि त्यात चेटकिणी, संतचरित्रं आणि सुबोध नीतिकथा. सबनीसबाई तिथल्या ग्रंथपाल. नऊवारी, जाड चष्मा, आवाज करडा. एक दिवस त्या मला म्हणाल्या, “मोठ्यांच्या विभागात तुमच्या वयाला चालतील अशी पुस्तकं नक्की आहेत. खरी वाटणारी आणि हसवणारी. पण ती शोधणार कोण? मी वाचते तेव्हा मी पन्नाशीची असते. तू वाच, आणि प्रत्येकावर दोन ओळी या वहीत लिहून आण.”

आठवड्याला दोन कादंबऱ्या, त्याही मोठ्यांच्या! मला आभाळ ठेंगणं झालं. पण खरं सांगू? मला विनोद कळत नव्हता. मी रडवणाऱ्या गोष्टींची मुलगी. पहिल्या पुस्तकावर मी लिहिलं, ‘भाषा चांगली आहे.’ दुसऱ्यावरही तेच. बाईंनी नुसतं पान उलटलं.

मग ती पुस्तकं मी इंदूकडे नेली.

इंदू परब. सातवीपर्यंत म्युनिसिपालिटीच्या शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे तिची शाळा सुटली, कारण लालबागला तिच्या आईची खाणावळ होती. कोकणातून एकटे आलेले वीस-बावीस मिल कामगार तिथे जेवायचे, आणि भाकऱ्या थापायला आईला दुसरे हात हवे होते. मी शाळेतून सुटल्यावर जायची तेव्हा इंदू परातीपुढे बसलेली असायची, कोपरापर्यंत पीठ. पुस्तक हातात कसं धरणार? म्हणून मी मोठ्याने वाचायची आणि ती ऐकायची.

आणि काय ऐकायची! लोणच्याचा धंदा काढणाऱ्या एका काकांवरची कादंबरी होती. मला ती अगदीच सामान्य वाटली होती. दुसऱ्या पानाला इंदूची भाकरी तव्यावर करपली आणि चुलीशी बसलेली तिची आई पदर तोंडाला लावून गदगदा हलायला लागली. “अजून वाच गो,” इंदू म्हणाली, “हो काको आमच्या बापाशीचो सख्खो भाव दिसता!” दुसरं एक पुस्तक विनोदी म्हणून फार नावाजलेलं. चार पानं ऐकून ती म्हणाली, “हेच्यात कोणाक भूकच लागत नाय. हसतले कशाक?”

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सभा असली की जेवणारी मंडळी घाईघाईने ताटावरून उठायची, इंदूचे वडील सगळ्यात पुढे. ते परत येईपर्यंत आईचं लक्ष दाराकडे. अशाच एका संध्याकाळी मी मुंबईतल्याच एका कुटुंबाची कादंबरी वाचत होते. इंदू मध्येच म्हणाली, “ही माणसा मोर्चाक जाणत नाय, संपाक जाणत नाय, कोणाची वाट बघणत नाय. मगे ऱ्हवतत तरी खंय?”

घरी येऊन मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘या कादंबरीतली माणसं मोर्चाला जात नाहीत, संपावर जात नाहीत, कुणाची वाट पाहत नाहीत. मग ती राहतात तरी कुठे?’ आणि खाली माझी सही.

कळलं ना? सगळी वही तशी भरली. तिची मालवणी मी धुऊन-पुसून शुद्ध करायची आणि खाली माझं नाव. बाई खूश. त्या मला ‘माझी परीक्षक’ म्हणायला लागल्या. कमिटीच्या सभेत माझे शेरे वाचून दाखवले गेले. हे चोरीत जमा आहे, पण मला जे सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे.

एका शनिवारी बाईंनी वही मिटून समोर ठेवली. “कुमुद, हे एकट्या तुझं डोकं नाही. कोण आहे तुझ्याबरोबर?”

“कुणी नाही, बाई.”

“रागावत नाही मी. असेल तर तिला घेऊन ये. माझ्या सहीने कार्ड देते तिला. इथे बसून वाचू दे हवं तेवढं.”

किती सोपं होतं! दादर ते लालबाग असं कितीसं अंतर? नुसतं ‘इंदू’ म्हणायचं होतं. मी म्हटलं, “खरंच कुणी नाही, बाई.”

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. “बरं,” म्हणाल्या.

थांबा, अजून आहे. त्याच आठवड्यात इंदूने विचारलं. आपण होऊन तिने कधी काही मागितलं नव्हतं. पीठ मळता मळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “कुमे, बाईंक विचारशील? माका कार्ड मिळात काय? दुपारच्या मी घटकाभर मोकळी असतंय. एकदा आपल्या हातात धरून वाचूचा होता.”

दोन दिवस मी गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी गेले आणि म्हटलं, “विचारलं मी. हायस्कुलात नसलेल्यांना देत नाहीत.”

इंदूचा हात परातीत थांबला. मग पुन्हा चालू झाला. “बरां,” ती म्हणाली. “मगे तू वाच.”

आणि मी वाचलं. तुम्हाला पटतंय का? मी समोर बसले, पुस्तक उघडलं आणि वाचलं. ती हसत होती. तिचं हसणं मी वहीत उतरवत होते.

त्या वहीतून बाईंनी एक कपाट उभं केलं. मुलं त्यावर तुटून पडली. मॅट्रिक झाल्यावर बाईंनी मला तिथेच कामाला घेतलं. चांगलं आयुष्य मिळालं मला, पुस्तकांत आणि मुलांत गेलेलं. बाईंचे उपकार आहेत. पण पुस्तक हातात आलं की चौथ्या पानाशी मी आजही मनात विचारते—इथे कुणाला भूक लागते का? तो कान माझा नाही. तो इंदूने दिला. माझ्या हातून जी जी मुलं वाचायला लागली, ती सगळी तिची. मी रोज तिचे आभार मानते. मनातल्या मनात.

सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती माहीमला गेली. भेटी थांबल्या. खरं म्हणजे मीच थांबवल्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती वाचनालयात आली, तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन. केस पिकायला लागले होते. “ही पोर काय वाचत नाय गो. काहीतरी हसूचा दी.” मी पुस्तक काढलं. पोरगी उभ्याउभ्याच वाचायला लागली, आणि खुदकन हसली.

इंदूने कपाटाकडे पाहिलं. हात वर करून एक-दोन पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवलं. मग सहज म्हणाली, “तेव्हा बाईंनी खरांच नाय म्हटला होता?”

बाई वारून आठ वर्षं झाली होती. कमिटी बदलली होती, ती वही कुठे गेली कुणाला ठाऊक नव्हतं. माझी नोकरी पक्की होती. भ्यायचं तर कुणाला?

“तेव्हा नियमच तसे होते, इंदू,” मी म्हटलं.

“असतले,” ती म्हणाली. मग जवळ येऊन तिने माझे दोन्ही हात धरले. “तरी तू येऊन वाचून दाखवायचीस. दुसऱ्या कोणी इतकां केला नसता. तुझे उपकार आसत माझ्यार.”

या वेळी मी तेरा वर्षांची नव्हते. एक्केचाळीस वर्षांची होते. मी माझे हात तिच्या हातांत तसेच राहू दिले, आणि म्हटलं, “त्यात काय एवढं.”