सरदारभाईंचे राहिलेले रोजे

सरदारभाई मुलाणी एकोणतीस वर्षं कंपनीच्या बसवर होते. पिंपरीतून सकाळच्या शिफ्टची माणसं घ्यायची, कासारवाडी, भोसरी करत चाकणला गेटावर उतरवायची आणि सुटलेली शिफ्ट घेऊन माघारी फिरायचं. मालक तीनदा बदलले, बस चारदा बदलली, ड्रायव्हर तोच राहिला. गाडीत बसल्या बसल्या माणसं डोळे मिटायची, ते थेट गेटावरच उघडायचे. या गोष्टीचा सरदारभाईंना अभिमान होता, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही.

मग एका सकाळी मोशीच्या पुढे त्यांनी बस अचानक बाजूला घेतली आणि काही न बोलता खाली उतरून झाडामागे गेले. परत आले तेव्हा पन्नास माणसं जागी होऊन त्यांच्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी नवनाथ नावाच्या बीडकडच्या फिटरने उतरताना हळूच म्हटलं, "चाचा, शुगर बघून घ्या एकदा. आमच्या वडिलांचं असंच झालं होतं."

शुगर होतीच, ती दहा वर्षांची जुनी. सरदारभाईंनी गोळी वाढवून घेतली आणि पाणी पिणं कमी केलं. आठ-नऊ महिने असेच काढले. दर तासाला लघवीची घाई व्हायची आणि उभं राहिलं की थेंब-थेंब. बायकोला, रहिमाबीला, हे ठाऊक होतं. रोज रात्री न्हाणीचं दार किती वेळा वाजतं, ते ती मोजत होती. पण विचारलं की ते म्हणायचे, "वय झालं. दुसरं काय?" शेवटी एक दिवस लघवीतून रक्त आलं, तेव्हा मुलगा आरिफ भोसरीतलं आपलं गॅरेज बंद करून त्यांना दवाखान्यात घेऊन गेला.

रक्ताच्या तपासणीत पीएसए नावाचा आकडा चारच्या आत असायला हवा होता, तो सेहेचाळीस निघाला. मग सुया घालून तुकडे काढले, हाडांचा स्कॅन झाला. प्रोस्टेटचा, म्हणजे लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर होता, आणि जातीने दांडगा. हाडं मात्र स्वच्छ दिसत होती.

"म्हणजे वेळेत आलो ना?" आरिफने विचारलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा उघडला. "उशीर झालाय," ते म्हणाले, "पण उपचार करण्याजोगं आहे."

पुढच्या आठवड्यात ते दोन डॉक्टरांना भेटले. ऑपरेशनवाले डॉक्टर सरळ माणूस होते. त्यांनी कागदावर चित्र काढलं. "गाठ ग्रंथीच्या बाहेर टेकलीय. काढता येईल, पण सगळी निघेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आणि पुढचे काही महिने लघवीवर ताबा राहणार नाही. काही जणांना कायमचं पॅड लावावं लागतं."

रेडिएशनच्या डॉक्टरीणबाईंनी दुसरा रस्ता सांगितला. आत सोन्याचे तीन बारीक दाणे बसवायचे. प्रोस्टेट एका जागी राहत नाही, पोट आणि लघवीची पिशवी जशी भरेल तशी ती रोज थोडी सरकते. म्हणून रोज आधी टेबलावरच स्कॅन करायचा, दाणे कुठे आहेत ते बघायचं, टेबल तेवढं सरकवायचं आणि मगच किरण सोडायचे. आठवड्याचे पाच दिवस, अशा अठ्ठावीस बैठका. शिवाय दोन वर्षं हार्मोनची इंजेक्शनं.

"याने बरं होईल?" सरदारभाईंनी विचारलं.

"प्रयत्न त्याचाच आहे, काका. तुमच्या गाठीची जात बघता शब्द देत नाही."

घरी आल्यावर आरिफचा आवाज चढला. "काढून टाका, अब्बा. आत ठेवून काय उपयोग? राहिलं म्हणजे राहिलं!" रहिमाबी कापाकापीच्या विरोधात होती, तिचा भाऊ ऑपरेशनच्या टेबलावरच गेला होता. दोघं बोलत राहिले. सरदारभाई ऐकत होते आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. कपड्याला लघवी लागत राहिली तर नमाजाआधी हातपाय धुऊन केलेला वजू कसा टिकणार? मशिदीत ओळीत उभं राहायचं आणि शेजारच्याला वास आला तर? आजाराने बसची नोकरी सुटली, आता नमाजही सुटणार का? ते कुणालाच बोलले नाहीत. सकाळी उठून एवढंच म्हणाले, "रेडिएशन घेतो."

पुढे कधीतरी हे त्यांच्या तोंडून निघालं, तेव्हा आरिफ म्हणाला की अब्बांनी जिवापेक्षा नमाज मोठी धरली. तसं नव्हतं. दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा गाठीला दोन्ही रस्ते सारखेच. पण पोराच्या मनातून ते गेलं नाही.

सोन्याचे दाणे बसवायच्या आदल्या दिवशी सरदारभाई मौलानांना भेटले. पुरुषाने सोनं अंगावर घालू नये, मग अंगात चालेल का? मौलाना म्हणाले, "इलाजासाठी आहे, भाई. हौसेसाठी नाही." तरी मागून सुया टोचून ते तीन दाणे आत गेले तेव्हा सरदारभाई मनातल्या मनात माफी मागत होते. नंतर कमरेच्या दोन्ही बाजूंना आणि बेंबीखाली शाईचे तीन ठिपके गोंदले. ते कधीच जाणार नाहीत, असं सांगितलं.

फेब्रुवारीच्या मधल्या सोमवारी सुरुवात झाली. रोज पोट साफ करून यायचं, अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि पाऊण तास धरून बसायचं. त्या बाकड्यावर त्यांची ओळख चिमाजी शेलारांशी झाली. देहूरोडच्या कारखान्यातून निवृत्त झालेला मावळातला माणूस, सत्तरीचा, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन बसलेला.

"तुमचा कितवा?" चिमाजींनी विचारलं.

"पहिलाच."

"माजा तिसरा. घाबरू नगा. दुखत न्हाई. निस्तं पडून ऱ्हायाचं. पर त्या पान्याचं लई अवघड हाय, राव! काल मी निम्म्यातच पळालो."

सरदारभाई किती तरी महिन्यांनी हसले. त्यानंतर दोघं एकाच वेळेला येऊ लागले. एक आत गेला की दुसरा त्याची चप्पल आणि पिशवी सांभाळायचा. बायकांजवळ जे बोलता येत नव्हतं ते तिथे बोलता येत होतं. इंजेक्शनाने भर थंडीत घाम फुटतो, छाती बाईसारखी दुखते, आणि नवरा-बायकोतलं जे होतं ते संपलं. "माजी मंडळी म्हनती, या वयात काय करायचंय," चिमाजी म्हणाले, आणि बाटलीतलं उरलेलं पाणी एका दमात प्यायले.

आत रश्मी नावाची तंत्रज्ञ मुलगी त्यांना झोपवायची, ठिपक्यांवर लाल उजेडाची रेघ जुळवायची आणि जड दार लावून निघून जायची. मशीन एकदा अंगाभोवती फिरायचं. मग टेबल केसभर सरकायचं. सरदारभाईंना ते सरकणं कळायचं. पुन्हा मशीन फिरायचं. पाच-सात मिनिटांत सगळं संपायचं. त्या वेळात ते कलमा म्हणायचे, पण लघवी धरण्याच्या नादात शब्द मागेपुढे व्हायचे.

दहा बैठका झाल्या आणि रमजान लागला.

वयाच्या अकराव्या वर्षापासून सरदारभाईंनी रोजा सोडला नव्हता. मे महिन्यात, बिनपंख्याच्या बसमध्ये, चाकणच्या रस्त्यावरही नाही. आता दुपारी एक वाजता बाकड्यावर बसून सगळ्यांदेखत पाणी प्यायचं होतं. पहिल्या दिवशी बाटली तोंडाला लावली आणि घोट उतरेना. समोर एक बुरख्यातली बाई आपल्या नवऱ्याला घेऊन आली होती. तिने नजर वळवली. त्या नजर वळवण्याचंच त्यांना जास्त लागलं.

"मौलानांनी काय सांगितलंय?" रहिमाबी घरी म्हणाली. "आजाऱ्याला सूट आहे. बरं झाल्यावर एकेक भरून काढा."

पण शनिवार-रविवारी रेडिएशन नसतं, मग दोन रोजे तर होतील, असं त्यांनी ठरवलं आणि कुणाला न जुमानता दोन्ही धरले. सोमवारी टेबलावर झोपले. मशीन फिरलं, टेबल सरकलंच नाही. दार उघडून रश्मी आत आली.

"काका, पोट साफ नाहीये. आत गॅस भरलाय. सगळं पुढे ढकललं गेलंय. असं दिलं तर आतड्याला लागेल. उतरा, परत तयारी करू."

दोन तास ते थांबले. दुसऱ्यांदा स्कॅन झाला, तेव्हाही जमलं नाही. तिसऱ्यांदा जमलं, पण तोवर पिशवी इतकी भरली होती की टेबलावरच त्यांचे कपडे ओले झाले. रश्मीने स्वच्छ चादर आणून अंगावर टाकली. बाहेर चिमाजी अजून पिशवी धरून बसले होते. त्यांची बैठक कधीच झाली होती.

"काय झालं, सरदारभाई?"

"काही नाही," ते म्हणाले, आणि घरी येईपर्यंत रिक्षात तोंड झाकून बसले.

एकोणतीस दिवसांच्या त्या रमजानमध्ये त्यांचे तेवढेच दोन रोजे झाले. सत्तावीस राहिले.

अठ्ठाविसावी बैठक ईदच्या चार दिवस आधी झाली. चिमाजींची त्याआधीच संपली होती, तरी ते त्या दिवशी मुद्दाम पेढे घेऊन आले. तीन महिन्यांनी सरदारभाईंचा पीएसए सेहेचाळीसवरून शून्याजवळ, अर्ध्या अंकाच्याही खाली आला. चिमाजींचा तर दिसेनासाच झाला होता. दोघं फोनवर लहान मुलांसारखे आकडे सांगत होते. आरिफनेही त्या दिवशी वडिलांचे पाय दाबले. घरात पाच-सहा महिने बरे गेले. लघवीची घाई काही गेली नाही. मशीद शंभर पावलांवर होती, पण सरदारभाई तिकडे फिरकले नाहीत. घरातच खुर्चीवर नमाज पढायचे. ऑपरेशन टाळून जे वाचवायचं ठरवलं होतं, ते असं घरात येऊन बसलं.

डिसेंबरात दिवस लहान असतात म्हणून त्यांनी राहिलेले रोजे धरायला घेतले. तीन झाले. चौथ्या दिवशी दुपारी ते न्हाणीत पडले, आणि पाठीत कळ उठली ती गेलीच नाही. पडल्यामुळे असेल, असं सगळ्यांनी धरलं. पुढचा रमजान शेक घेण्यात आणि दुखण्याच्या गोळ्यांत गेला. ईदनंतरच्या तपासणीत पीएसए अकरा निघाला. इंजेक्शनं चालू असताना अकरा. स्कॅनमध्ये कण्याचे दोन मणके आणि खुब्याचं हाड उजळून दिसलं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "जिथे किरण दिले तिथे आजही काही नाही, काका. तिथलं काम नीट झालं. पण आजार त्याच्या आधीच बाहेर पडला असावा. तेव्हा तो दिसण्याएवढा नव्हता."

"मग ते सगळं..." आरिफ म्हणाला आणि थांबला. तो बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला.

"आता?" सरदारभाईंनी विचारलं.

"गोळ्या आहेत. दुखणं कमी करू. काही काळ आवरून धरता येईल."

"बरं नाही होणार."

"नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी ते स्पष्ट सांगितलं, याबद्दल सरदारभाईंना पुढेही त्यांचा आदर वाटत राहिला.

घरी आल्यावर त्यांनी दोन दिवस काही ठरवलं नाही. तिसऱ्या दिवशी, रहिमाबी तांदूळ निवडत असताना, म्हणाले, "माझ्या रोज्यांचा फिदया देऊन टाकू. एका रोज्याला एक माणूस जेवू घालायचं."

रहिमाबीचा हात थांबला. जो बरा होणार आहे त्याने रोजे भरून काढायचे, आणि ज्याची आशाच नाही त्याने फिदया द्यायचा, एवढं तिला माहीत होतं.

"नाही," ती म्हणाली. "डॉक्टर काहीही म्हणू देत. तुम्ही थंडीत धरा. मी पण धरीन तुमच्याबरोबर."

"रहिमा, कोणती थंडी?"

तिने ताट उचललं आणि आत गेली. दिवसभर ती त्यांच्याशी बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने आरिफला मोठं पातेलं माळ्यावरून काढायला सांगितलं. शेजारच्या खोल्यांतून राहणाऱ्या मजुरांना रोज दोघं-तिघं करत जेवायला बोलावलं. सरदारभाई कॉटवर उशीला टेकून बघत राहायचे. जेवणारी पोरं कशाचं जेवण म्हणून विचारत नव्हती, आणि कुणी सांगतही नव्हतं.

चिमाजींना त्यांनी फोनवर सांगितलं होतं. त्यानंतर महिन्याला येणारा फोन बंद झाला. सरदारभाईंनी मनाला लावून घेतलं नाही. त्यांच्या जागी आपणही कदाचित हेच केलं असतं, असं त्यांना वाटलं.

मे महिन्यात एका दुपारी चिमाजी स्वतःच आले. देहूरोडहून दोन बस बदलून, घामाने डबडबलेले. खुर्चीवर बसले आणि उन्हाबद्दल बोलले, बसच्या गर्दीबद्दल बोलले, नातवाच्या परीक्षेबद्दल बोलले. चहा गार झाला.

"तुमचा आकडा किती आला या वेळी?" सरदारभाईंनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या की ते."

"सांगा हो. आपण एकाच टेबलावर झोपलेली माणसं."

चिमाजींनी मान खाली घातली. "काय न्हाईच आला," ते पुटपुटले. "समदं साफ हाय म्हनत्यात." आणि चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"चांगलं झालं," सरदारभाई म्हणाले. ते त्यांनी मनापासून म्हटलं, पण आवाज कोरडा निघाला, आणि तो कोरडेपणा दोघांनाही ऐकू आला.

चिमाजी उठले, पुन्हा येतो म्हणाले. जिन्यात त्यांची पावलं लवकर लवकर वाजत खाली गेली. रहिमाबीने येऊन पाठीखालची उशी सारखी केली आणि दुखण्याची गोळी पुढे धरली. गोळीची वेळ अजून झाली नव्हती. सरदारभाईंनी काही न विचारता ती घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.