थंड देशातले पाम आणि सासऱ्यांचं मीठ

नव्वदच्या दशकात आम्ही टॅम्पिनीसला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो, तेव्हा माझे सासरे पहिल्यांदाच सिंगापूरला आले. गुहागरकडे त्यांची नारळ-सुपारीची वाडी. तिथे रोज सकाळी कुणी ना कुणी त्यांना काहीतरी विचारायला यायचं. इथे त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. दिवसभर ते खिडकीतून खालची झाडं बघत बसत. शेवटी बायको म्हणाली, बाबांना कुठेतरी ने, नाहीतर ते परत जायचं म्हणतील.

मी त्यांना कम्युनिटी सेंटरमधल्या एका स्लाइड शोला नेलं. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाचा एक म्हातारा थंड हवेत पाम आणि पामसारखंच दिसणारं सायकस वाढवणाऱ्या वेड्या लोकांच्या बागा दाखवणार होता. एसीत बसून आम्ही एकेक बाग फिरलो. एका बाईंनी पामला गोधडी गुंडाळून सुतळीने बांधलं होतं. एकाने सायकसच्या कुंड्यांना चाकं लावली होती. हिवाळा आला की सायकस दिवाणखान्यात, आणि सोफा बाहेर व्हरांड्यात. मी हे सगळं सासऱ्यांच्या कानात हातवाऱ्यांसकट मराठीत सांगत होतो. असली संधी मी सोडत नाही. पुढच्या रांगेतले लोक पडद्याऐवजी मलाच बघायला लागले होते.

"आणि घरातली माणसं कुठे झोपतात?" सासऱ्यांनी विचारलं, आणि हसून हसून त्यांचे खांदे हलायला लागले.

शेवटची स्लाइड म्हाताऱ्याच्या स्वतःच्या बागेची होती. उंच पाम, पण मधला कोंब तपकिरी पडलेला. त्या झाडाचं बी त्याने आणि त्याच्या बायकोने मिळून रुजवलं होतं. बायको आता नव्हती, आणि फोटो काढल्यावर याच थंडीत तो कोंब कुजून हातात आला होता. तुम्ही पामच्या मुलखातली माणसं, तो म्हणाला, हे झाड वाचेल का?

माझं भाषांतर पुरं व्हायच्या आत सासरे उभे राहिले. शर्ट खाली ओढून नीट केला. इथे आल्यापासून तो चेहरा मी पाहिलाच नव्हता.

"त्यांना सांगा, बुंध्याशी आळं करा आणि त्यात मीठ घाला. आमचे माड त्यावरच उभे आहेत."

हॉलभर बागकामातले जाणकार. कुणी फिसकन हसलं तर? सासऱ्यांना चारचौघांत खोडून काढणं जावयाला शोभत नाही, म्हणून मी त्याहून मोठा शहाणपणा केला. नाटकी आवाजात, उत्तम इंग्रजीत सांगितलं की माझे सासरे म्हणतात, शेंड्यात पाणी साचू देऊ नका, ऊब द्या, धीर धरा. हे सगळं म्हाताऱ्यानेच थोड्या वेळापूर्वी सांगितलेलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या.

"जावईबापू, ह्यात मीठ कुठे आहे?"

मराठी तिथे कुणालाच येत नव्हती, पण माझं तोंड बघून काय ते सगळ्यांना समजलं. सासरे माझ्याकडे पाठ करून म्हाताऱ्याला म्हणाले, "सॉल्ट. कोकोनट, वी गिव्ह सॉल्ट."

कुणीही हसलं नाही. म्हातारा प्रोजेक्टरला वळसा घालून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. नारळाला मीठ घालतात हे त्याने वाचलं होतं. पण हा पाम नारळाचा नाही, त्याला मीठ सोसणार नाही, अशी त्याला भीती होती. मग त्याने विचारलं, तुमच्याकडे माडाचा कोंब कुजला तर पुढे काय होतं? या वेळी मी शब्दाला शब्द भाषांतर केलं, मान वर न करता.

"बहुतेक मरतात," सासरे म्हणाले. "एखादा जगतो. का जगतो, ते मला अजून कळलेलं नाही."

मी तेही तसंच सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली. दोघं शेजारी उभे राहून त्या तपकिरी कोंबाकडे बघत राहिले. मी बाजूला हात चोळत होतो. भाषांतराची आता दोघांनाही गरज नव्हती.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, कसा झाला कार्यक्रम?

"फार छान," सासरे चपला काढत म्हणाले. "जावईबापू सुंदर इंग्रजी बोलतात. सगळ्यांचं सांगतात. माझं तेवढं सोडून."

ती हसली. तिला वाटलं बाबा थट्टा करताहेत. मी पाण्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.