प्रताप नगरचा पत्ता

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. आणि जिला सांगायला हवं होतं त्या रत्नमालाला तर नाहीच. आज तुमच्याजवळ बोलतो — कुठून सुरुवात करावी, ते मात्र अजून कळत नाही.

बी.ए.च्या पहिल्या वर्षी आमच्या वर्गाची पत्त्यांची पुस्तिका निघाली. सुट्टीत एकमेकांना पत्रं लिहिता यावीत म्हणून. माझं अक्षर बरं, म्हणून सरांनी काम मला दिलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच — केवढा फुशारलो होतो. सर म्हणाले, पत्ते अचूक पाहिजेत. ते वाक्य पुढे माझ्या फार उपयोगी पडलं.

रत्नमाला आमच्याच वस्तीतली, कामठी रोडवरची. मधे तीन घरं सोडून तिचं घर. लहानपणापासून आम्ही एकाच नळावर भांडलेलो. पण यादीसाठी दिलेल्या चिठ्ठीवर तिने मामाचा पत्ता लिहून दिला — प्रताप नगरचा. मामा तिथल्या एका बंगल्यावर माळी होते, मागच्या खोलीत राहायचे.

"तिथं पत्र पोचते मले," ती म्हणाली. "तेच राहू दे गा."

खोटं काय होतं त्यात? पत्र पोचणारच होतं. आणि कारण मला ठाऊक होतं. वर्गातल्याच एका मुलीच्या धाकट्या भावांना ती शिकवायची. तिची कॉलेजची फी त्यातून जायची. त्या घरचे समजत, ती प्रताप नगरात राहते. आमच्या वस्तीचं नाव ऐकलं की शहरात कुणाला पुढचं विचारावं लागत नसे. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आमच्या घरच्यांना कितीतरी वर्षं झाली होती — पण ऐकणाऱ्यांचे कान जुनेच होते.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी यादी लिहायला बसलो तेव्हा...

धंतोली, धरमपेठ, रामदासपेठ — सगळे बड्यांचे भाग. एकेक पत्ता उतरवत गेलो. मग माझं नाव आलं, आणि त्याच्यापुढे वस्तीचं. अख्ख्या यादीत ते एकदाच येत होतं. मी पेन खाली ठेवला. स्वतःचा पत्ता बदलायला माझ्याकडे प्रताप नगरचे मामा नव्हते. मग रत्नमालाच्या नावापुढे मी वस्ती लिहिली. अचूक पत्ता. मनाशी सरांचं वाक्य म्हटलं आणि यादी ऑफिसातल्या टायपिस्टकडे देऊन आलो.

अचूकपणासाठी केलं का मी ते? नाही. मला त्या कागदावर एकट्याने राहायचं नव्हतं — एवढंच.

पुस्तिका वाटल्या गेल्या. त्याच आठवड्यात तिची शिकवणी सुटली. कुणी वाईट बोललं नाही. मुलांची आई फाटकापाशीच म्हणाली, आता त्यांचे वडीलच शिकवतील. पुढच्या वर्षी रत्नमाला कॉलेजात आली नाही. एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायला लागली. नंतर परत आली, पण माझ्या एक वर्ष मागे. मी आता एम.ए.ला आहे, आणि ती अजूनही एक वर्ष मागेच आहे.

शिकवणी सुटली त्या दिवशी ती नळावर भेटली होती. मला वाटलं, कळलं हिला.

"तुह्या हातून नसन झालं," ती म्हणाली. "त्या टायपिस्टनंच गडबड केली असन. तुह्या खालीच माहं नाव, तुहाच पत्ता मारला असन."

मी म्हणालो, हो. त्यानंच.

मग तिने माझी बादली नळाखाली सरकवली. तिचा नंबर होता, तरी.

"बरं झालं गा, तुहा बी पत्ता तिथलाच होता," ती म्हणाली. "एकटीचाच असता त मोठं जड गेलं असतं मले."

बादली भरली. मी ती उचलली आणि घरी गेलो.